वाचकांचे प्रश्न : न्यायालयाच्या जुन्या कागदांतून घराण्याचा शोध

घराण्याचा इतिहास शोधणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आमच्याकडे आली आहेत. त्यांपैकी बहुतेकांचा रोख न्यायालयातील जुन्या कागदांकडे असल्यामुळे या अंकातील सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : पणजोबांचा भावकीशी झालेला दावा आमच्या घरात पिढ्यानपिढ्या सांगितला जातो. तापीकाठची काळी जमीन कोर्टात गेली आणि पणजोबा गाव सोडून अमळनेरला आले, एवढेच सर्वांना ठाऊक आहे. दावा १९१० ते १९२० या काळात झाला असावा. आमच्याजवळ एकही कागद नाही. न्यायालयात जाऊन पणजोबांचे नाव सांगितले, तर दावा सापडेल काय? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : केवळ नावावरून तो सापडणे फार कठीण आहे. न्यायालयाच्या अभिलेख कक्षातील जुनी दप्तरे न्यायालय, वर्ष आणि दाव्याचा क्रमांक या तीन गोष्टींवर लावलेली असतात. त्या हाती नसतील, तर तेथील कर्मचाऱ्याची मदत करण्याची कितीही इच्छा असली तरी त्याला शोध घेता येत नाही. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर नाव घालून पाहण्याचा मोह होतो, परंतु शंभर वर्षांपूर्वी निकाली निघालेले दावे तेथे मिळत नाहीत. म्हणून शोधाची सुरुवात न्यायालयात न करता तहसील कार्यालयात करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

जमिनीच्या दाव्याचा निकाल लागला की कधी ना कधी महसुली दप्तरात त्याची नोंद होते. १९०३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी आली आणि पुढील काही वर्षांत ती गावोगावी पोहोचली. आपला दावा नेमका त्यानंतरचा आहे, ही आपल्या दृष्टीने चांगली गोष्ट आहे. ‘अमुक कोर्टाकडील दिवाणी दावा नंबर अमुक, सन अमुक, यातील हुकूमनाम्यावरून वादीचे नाव दाखल केले’ (हुकूमनामा म्हणजे निकालानुसार न्यायालयाने काढलेला आदेश) अशा धर्तीचे एखादे वाक्य फेरफाराच्या नोंदीत मिळाले, तर न्यायालय, क्रमांक आणि वर्ष ही तिन्ही एकाच ओळीत हाती येतात. त्या ओळीपर्यंत पोहोचण्यासाठी आजच्या सातबाऱ्यावरील गट क्रमांकावरून जुना सर्व्हे क्रमांक काढावा लागेल. १९४७ च्या कायद्यानुसार जेथे जमिनींचे एकत्रीकरण झाले, तेथील गट आणि सर्व्हे क्रमांकांचा मेळ घालणारे कागद तालुक्याच्या भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयात पाहावेत. जुना सर्व्हे क्रमांक मिळाल्यावर तहसीलच्या अभिलेख कक्षातून पाहणी पत्रक व कडई पत्रक ही जुनी गावदप्तरे आणि फेरफार यांच्या नकला मागाव्यात. काही गावांची जुनी पाने शासनाच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावरही पाहता येतात. तेथे आपले गाव आहे का, हे आधी तपासले तर एखादी फेरी वाचेल.

याच्या जोडीने दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाकडे अवश्य वळावे. ‘जमीन भावकीने खाल्ली’ असे सांगितले जाते तेव्हा प्रत्यक्षात ती आधी सावकाराकडे गहाण पडलेली असते आणि भावकीशी झालेला वाद त्यानंतरचा असतो, असे पुष्कळदा दिसते. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ मध्ये, कापसाचे भाव चढले आणि नंतर कोसळले. खानदेशासारख्या कापूस पिकवणाऱ्या मुलखात त्या चढउताराने अनेक घरे कर्जात ओढली गेली आणि ती कर्जे पुढच्या पिढ्यांवर आली. गहाणखत, मुदत खरेदी (ठरल्या मुदतीत पैसे फेडल्यास जमीन परत मिळण्याची अट असलेली खरेदी), खरेदीखत, वाटणीपत्र हे सारे नोंदणीकृत दस्त असतात. नोंदणी कार्यालयाची सूची क्रमांक १ ही माणसांच्या नावांची असते, तर सूची क्रमांक २ ही मिळकतीची असते. पणजोबांचे नाव निश्चित असेल पण सर्व्हे क्रमांक ठाऊक नसेल, तर पहिली सूची पाहावी. सर्व्हे क्रमांक ठाऊक असेल, तर दुसरी पाहावी. स्थावर मिळकतीच्या दस्तांचे पहिल्या क्रमांकाचे पुस्तक शुल्क भरून कोणालाही पाहता येते. त्यासाठी वारस असल्याचा पुरावा द्यावा लागत नाही.

वाद सावकाराशी झालेला असेल तर आणखी एका कायद्याची माहिती असावी. दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा १८७९ चा कायदा प्रथम पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी झाला व पुढे इलाख्याच्या इतर भागांनाही लागू करण्यात आला. या कायद्याखाली न्यायाधीशाला केवळ शेवटचे कर्जरोखे पाहून हुकूमनामा देता येत नसे. पहिली रक्कम केव्हा घेतली, तिचे व्याज किती झाले, कोणत्या साली धान्य किंवा कापूस देऊन फेड केली, असा व्यवहाराच्या आरंभापासूनचा हिशेब त्याला तपासावा लागे. अशा दाव्याची फाइल मिळाली, तर एका शेतकरी घराची वीस-तीस वर्षांची जमाखर्चाची कहाणी वाचायला मिळते. घराण्याच्या इतिहासासाठी याहून मोलाचे साधन मला दुसरे ठाऊक नाही.

आता न्यायालय कोणते, हा प्रश्न राहतो. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर त्याचे मुख्य ठाणे धुळे झाले. १९०६ साली पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पूर्व खानदेशाचे ठाणे जळगाव, तर पश्चिम खानदेशाचे धुळे. नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये झाला, म्हणून शहादे-तळोद्याकडील जुना कागद धुळ्यातही शोधावा लागतो. मालेगाव आणि बागलाण हे भाग १८६९ मध्ये नाशिक जिल्ह्यात गेले. त्याआधीची त्यांची दप्तरे खानदेशाची आहेत. महसुली जिल्हा विभागला त्याच दिवशी न्यायालयेही विभागली गेली, असे मात्र गृहीत धरू नये. शिवाय १८६९ च्या दिवाणी न्यायालयांच्या कायद्यानुसार दुसऱ्या वर्गाच्या सबजज्जाला पाच हजार रुपयांपर्यंतचेच दावे चालवता येत आणि त्यापुढील रकमेचे दावे पहिल्या वर्गाच्या सबजज्जाकडे जात. आपली जमीन मोठी होती, तर दावा तालुक्याच्या न्यायालयाऐवजी वरच्या न्यायालयात दाखल झालेला असू शकतो.

एक धोक्याची सूचना देणे आवश्यक आहे. निकाली दाव्यातील सर्वच कागद कायम ठेवले जात नाहीत. निकालपत्र, हुकूमनामा आणि दाव्यांची नोंदवही सामान्यतः दीर्घकाळ जपली जाते, परंतु जबान्या, अर्ज, समन्स आणि किरकोळ कागद नियमांनुसार ठरावीक मुदतीनंतर नष्ट होतात. तसे झाले असले तरी निराश होण्याचे कारण नाही. सरकारसारा भरणाऱ्या जमिनीच्या वाटपाचा हुकूमनामा झाला की प्रत्यक्ष सरसनिरस, म्हणजे जमिनीचा कस पाहून करायचे, वाटप न्यायालय करत नाही, ते काम जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवले जाते, आणि त्यासाठी हुकूमनामाही त्यांच्याकडे जातो. त्यामुळे न्यायालयातील फाइल गेली असली तरी हुकूमनाम्याची प्रत, वाटपाचा नकाशा आणि हिस्सेदारांची यादी जिल्हाधिकारी किंवा तहसील कार्यालयात असू शकते.

प्रश्न : मला दाव्याचा क्रमांक मिळाला आहे. परंतु मी त्या दाव्यात पक्षकार नसल्यामुळे नक्कल देता येणार नाही, असे सांगण्यात आले. माहितीच्या अधिकारात अर्ज करावा काय? (एक वाचक, पाचोरा)

उत्तर : माहितीच्या अधिकाराने हे काम होणार नाही. न्यायालयीन नोंदींच्या प्रमाणित प्रती न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांनुसारच मागितल्या पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. आपण मूळ पक्षकाराचे वारस आहात हे प्रतिज्ञापत्रावर लिहावे, वंशावळ जोडावी, नक्कल कशासाठी हवी ते एका वाक्यात सांगावे आणि कोर्ट फी स्टॅम्प लावून न्यायाधीशांच्या परवानगीसाठी अर्ज द्यावा. नक्कल विभागातील लिपिक स्वतःच्या अधिकारात अशी परवानगी देऊ शकत नाही, त्यामुळे त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. स्थानिक वकिलांमार्फत अर्ज केल्यास त्याची भाषा पहिल्याच वेळी बिनचूक होते. प्रथम निकालपत्र आणि हुकूमनामा एवढेच मागावे. ते वाचल्यावर कोणती निशाणी, म्हणजे दाव्यात दाखल झालेला कोणता दस्त, पुढे मागायचा हे आपोआप कळते.

प्रश्न : धुळ्याहून मिळालेल्या एका नकलेत पणजोबांचे नाव ‘दगा वल्द रामा’ एवढेच आहे. आडनाव नाही, साल फसली आहे आणि सोबतची जबानी मोडीत आहे. आमचे आडनाव आज पाटील आहे. हे आमचेच पणजोबा, असे कसे ठरवावे? (एक वाचक, शिरपूर)

उत्तर : आडनावाचा आग्रह सोडावा. त्या काळातील खानदेशी कागदांत माणसाची ओळख स्वतःचे नाव, बापाचे नाव, जात आणि गाव एवढ्यावर असे. पाटीलकीचे वतन ज्या शाखेकडे होते तिच्यापुरते जे नाव होते, ते पुढे शाळेच्या दाखल्यांतून साऱ्या भावकीचे आडनाव झाले, असे कितीतरी गावांत घडले आहे. दगा आणि रामा ही नावे मात्र घरोघरी असल्यामुळे नावाचा मेळ एकट्याने पुरेसा होत नाही. बाप आणि मुलगा यांची जोडी, जमिनीचा सर्व्हे क्रमांक आणि निदान एका भावाचे किंवा चुलत्याचे नाव, अशा तीन गोष्टी जुळल्याशिवाय ‘हे आपलेच’ असे लिहू नये. वल्द म्हणजे ‘चा मुलगा’, त्यानंतर बापाचे नाव येते. त्याप्रमाणेच स्त्रीच्या नावापुढे ‘कोम’ लिहिलेले आढळेल. त्यानंतर तिच्या नवऱ्याचे नाव येते.

गावाच्या नावाबाबतही सावध राहावे. बुद्रुक आणि खुर्द तर आहेतच, परंतु आपल्याकडे एकाच नावाची गावे ओळखू यावीत म्हणून ‘प्र. चा.’ किंवा ‘प्र. भ.’ यांसारखी जुन्या परगण्याची अक्षरे गावाच्या नावाला जोडलेली असतात. नकलेत ती अक्षरे दिसली तर ती टिपून ठेवावीत. ती सोडल्यामुळे भलत्याच तालुक्यातील दप्तर उघडले जाते.

सालाचा हिशेब सोपा आहे. आपल्या भागातील फसली सनात, म्हणजे महसुलाच्या जुन्या वर्षगणनेत, ५९० मिळवले की इसवी सन येतो आणि शकात ७८ मिळवले की येतो. फसली १३२५ म्हणजे १९१५-१६. वर्षाचा आरंभ वेगवेगळ्या महिन्यांत होत असल्यामुळे एका वर्षाचे अंतर पडू शकते, एवढे ध्यानात ठेवावे.

मोडीसाठी जाणकाराची मदत घ्यावी, पण त्यासोबत स्वतःही शिकण्याचा प्रयत्न करावा, असे मला मनापासून वाटते. राज्याचा पुराभिलेख विभाग मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतो. धुळ्यात तर इतिहासाचार्य राजवाडे यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये स्थापन झालेले त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आहे, जेथे मोडी कागदांचा मोठा संग्रह आणि तो वाचण्याची परंपरा आहे. न्यायालयीन कागद नवशिक्याला इतर मोडी कागदांपेक्षा सोपे जातात, कारण त्यांची चाकोरी ठरलेली असते. जबानीच्या पहिल्या ओळींत नाव, बापाचे नाव, जात, वय, धंदा आणि राहण्याचे ठिकाण याच क्रमाने माहिती येते. या ओळी वाचता येऊ लागल्या की घराण्याच्या शोधाला लागणारा अर्धाअधिक मजकूर हाती येतो. वय मात्र बहुधा अदमासे सांगितलेले असते. ‘वय सुमारे ४० वर्षे’ यावरून जन्मसाल ठरवू नये.

प्रश्न : आमच्या वंशावळीत सात पिढ्यांचे पुरुष आहेत आणि एकही स्त्री नाही. माझ्या आजीची आई तरुणपणी विधवा झाली आणि तिने दिरांवर कोर्टात दावा लावला होता, असे आजी सांगत असे. त्या बाईचे नावही आता कोणाला आठवत नाही. तिचा शोध घेणे शक्य आहे काय? (एक वाचिका, शहादे)

उत्तर : शक्य आहे, आणि आपल्या पत्रातील शोध मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भाटांच्या पोथ्यांत मुलींची आणि सुनांची नावे क्वचित येतात. नाशिक-त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही यात्रेला आलेल्या पुरुषाचे नाव ठळक असते. महसुली दप्तरात बाईचे नाव आले तरी ते नवरा वारल्यानंतर, तेही मुलगा सज्ञान होईपर्यंतच, अज्ञानाची पालनकर्ती आई म्हणून येते. न्यायालयात मात्र तिला स्वतःच्या नावाने उभे राहावे लागे आणि स्वतःच्या तोंडाने बोलावे लागे. म्हणून स्त्रियांचा शोध घेणाऱ्याने न्यायालयाचे दार सर्वांत आधी ठोठावावे.

१९३७ च्या कायद्याने विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत मर्यादित हक्क मिळाला. त्यापूर्वी एकत्र कुटुंबातील विधवेला हिस्सा मिळत नसे, अन्नवस्त्राचा अधिकार तेवढा असे. त्यामुळे आपल्या पणजीचा दावा बहुधा अन्नवस्त्राचा असावा. तिचे नाव ठाऊक नसले तरी दिरांची नावे आजीच्या माहेरच्या वंशावळीत मिळू शकतील. तालुक्याच्या न्यायालयातील दाव्यांच्या नोंदवहीत प्रतिवादी म्हणून दिरांची आणि वादी म्हणून ‘अमुकबाई कोम अमुक’ अशी नोंद शोधावी. वर्ष नक्की नसल्यास आजीच्या जन्माच्या आसपासची काही वर्षे पाहावी लागतील, आणि त्यासाठी नोंदवही पाहण्याची परवानगी मागणारा अर्ज करावा लागेल.

कोर्ट फी भरण्याची ऐपत नसलेल्या वादीला नादारीने दावा लावण्याची सोय होती आणि आजही आहे. दिरांनी घराबाहेर काढलेली विधवा बहुधा याच मार्गाने जात असे. नादारीच्या अर्जाला वादीच्या मालकीच्या सर्व वस्तूंची किंमतवार यादी जोडावी लागते. म्हणून अशा अर्जात त्या बाईजवळ उरलेली भांडी, लुगडी आणि एखादा दागिना यांची नोंद मिळते, आणि ती यादी खरी आहे का, याची न्यायालयाने केलेली चौकशीही मिळते. आपल्या पणजीच्या हाती त्या दिवशी काय होते, हे सांगणारा दुसरा कागद या जगात नसेल. तिला लिहिता येत नसल्यास सहीच्या जागी अंगठा असेल किंवा बांगडीची निशाणी असेल. पुरुष शेतकरी नांगराची निशाणी करत, तशी बायका बांगडीची करत.

दिरांची कैफियत, म्हणजे दाव्याला दिलेले लेखी उत्तर, वाचताना मन घट्ट करावे लागेल. १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्याने पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरील हक्क संपत असे आणि ज्या जातींत पाट लावण्याची रूढी पूर्वापार होती, त्यांनाही मुंबई उच्च न्यायालयाने हाच नियम लावला. त्यामुळे ‘हिने पाट लावला आहे’ किंवा ‘हिची वागणूक बरी नाही’ एवढे म्हणणे हा तिचे अन्न तोडण्याचा सर्वांत सोपा बचाव होता. हे कैफियतीत लिहिलेले दिसले म्हणून ते घडले असे मानू नये. न्यायाधीशाने त्यावर काय निष्कर्ष काढला ते पाहावे.

दावा सापडलाच नाही, तर आणखी दोन वाटा आहेत. मुंबई इलाख्यातील १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनखाली दिवाणी न्यायालयातून वारस दाखला घेता येत असे. तो कायदा महाराष्ट्रात आजही वापरात आहे. त्या अर्जात मयताची विधवा आणि मुली यांची नावे व वये येतात. १८९० च्या पालक आणि पाल्य यांच्याविषयीच्या कायद्याखाली केलेल्या अर्जांत अज्ञान मुलांची आई, मामा आणि चुलते यांची नावे मिळतात. आपली आजी बाप वारला तेव्हा लहान असावी. म्हणून तिच्या नावाचा असा अर्ज जिल्हा न्यायालयात असण्याची शक्यता जमेस धरावी.

प्रश्न : आजोबा १९४२ च्या चळवळीत तुरुंगात होते. त्यांच्या खटल्याचे कागद कोठे मिळतील? (एक वाचक, नंदुरबार)

उत्तर : प्रथम हे ठरवावे की त्यांच्यावर खटला झाला होता की त्यांना स्थानबद्ध केले होते. १९४२ मध्ये कितीतरी कार्यकर्त्यांना भारत संरक्षण नियमांखाली खटल्याविना डांबण्यात आले. त्यांची न्यायालयात नोंदच नसते. शिक्षा झाली असेल, तर फौजदारी खटल्याच्या फाइलीपेक्षा तुरुंगाच्या नोंदवहीवर अधिक भिस्त ठेवावी, कारण किरकोळ फौजदारी कागद लवकर नष्ट केले जात. स्थानबद्ध असतील, तर मुंबईच्या पुराभिलेखागारातील, म्हणजे काळा घोडा येथील एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील, गृह विभागाच्या विशेष शाखेच्या फाइली पाहाव्यात. आजोबांनी १९७२ नंतर सन्मानवेतनासाठी अर्ज केला असेल, तर जिल्हाधिकारी कार्यालयातील त्या प्रकरणात तुरुंगाचा दाखला आणि सहबंद्यांची प्रतिज्ञापत्रे एकत्र मिळू शकतात. पहिली चौकशी तेथेच करावी.

प्रश्न : आमच्या हाती १९२० च्या दशकातील एक निकालपत्र आले आहे. पणजोबा दत्तक नव्हतेच, ते घरात गुरे राखायला ठेवलेले पोर होते, असे विरुद्ध पक्षाने त्यात म्हटले आहे. पुढे दोन्ही पक्षांत तडजोड झाली. घरातील वडीलधारी मंडळी हा कागद फाडून टाका म्हणतात. खरे काय मानावे आणि या कागदाचे काय करावे? (एक वाचक, चोपडा)

उत्तर : कागद फाडू नये. मूळ निकालपत्र न्यायालयात राहणारच आहे. आपण फाडलात तर ते समजून वाचू शकणारी माणसे तेवढी त्याला मुकतील.

खरे काय, हे ठरवण्यासाठी निकालपत्राचे थर वेगळे करून वाचावेत. पहिला थर वादीच्या म्हणण्याचा आणि दुसरा प्रतिवादीच्या म्हणण्याचा. हे दोन्ही वकिलाने जिंकण्यासाठी मांडलेले असतात. दत्तकाच्या दाव्यात दत्तक झालेच नाही आणि झाले असेल तर कायदेशीर नव्हते, अशी दोन्ही विधाने एकाच कैफियतीत करण्याची रीत होती. आपल्या भागातील विधवेला नवऱ्याच्या स्पष्ट परवानगीवाचून दत्तक घेता येत असे. त्यामुळे परवानगी नव्हती हा बचाव येथे फारसा टिकत नसे आणि विरुद्ध पक्षाला दत्तविधान घडलेच नाही, असे म्हणण्यावाचून मार्ग उरत नसे. गुरे राखणाऱ्या पोराची गोष्ट त्या गरजेतून आली असण्याचा संभव मोठा आहे. तिसरा थर साक्षीदारांचा. होमाला कोण बसले, मूल कोणी मांडीवर दिले, जेवणावळीला कोण होते, शेला-पागोटे कोणाला मिळाले, हे सांगणारे उपाध्याय, शेजारी आणि सोयरे यात भेटतात. चौथा थर न्यायाधीशाच्या निष्कर्षाचा. आपल्या प्रकरणात तडजोड झाल्याचे आपण लिहिता. तसे असेल, तर न्यायालयाने दत्तकाच्या प्रश्नावर शेवटचा निर्णय दिलेलाच नाही. हाती निकालपत्र आहे, त्या अर्थी खालच्या न्यायालयाने आधी निर्णय देऊन तडजोड अपिलात झाली असावी. तेव्हा अपिलाचा हुकूमनामाही मागवावा. तडजोडीत पणजोबांना जमीन मिळाली असेल, तर विरुद्ध पक्षाने त्यांचा हक्क निदान काही अंशी मान्य केला, एवढे म्हणता येईल. त्याहून अधिक म्हणू नये.

न्यायालयाबाहेरचा पुरावाही पाहावा. पणजोबा शाळेत गेले असतील, तर शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये बापाचे नाव कोणते लागले आहे आणि ते नाव दावा सुरू होण्यापूर्वीचे आहे काय, हे निर्णायक ठरेल. दावा उभा राहण्यापूर्वी लिहिला गेलेला कागद नंतरच्या दहा साक्षींहून अधिक विश्वसनीय असतो. दत्तकपत्र नोंदले असेल, तर ते दुय्यम निबंधकाकडे मिळेल. मृत्युपत्रे आणि दत्तक घेण्याचे अधिकारपत्र यांचे पुस्तक वेगळे, तिसऱ्या क्रमांकाचे असते. ते सर्वांना पाहण्यास खुले नसले तरी दस्त करून देणारा मयत झाल्यावर त्यातील नोंदीची नक्कल अर्ज करणाऱ्याला मिळते.

वडीलधाऱ्यांच्या मनात सल असणे स्वाभाविक आहे आणि त्याचा मान राखला पाहिजे. त्यांना निकालपत्र एकदम वाचायला देण्याऐवजी साक्षीदारांच्या जबान्या आधी वाचून दाखवाव्यात. त्यांत त्यांच्या ओळखीची नावे येतील आणि बोलणे सुरू होईल. घराण्याचा इतिहास लिहून काढाल तेव्हा तो आक्षेप गाळू नका आणि स्वतःच्या शब्दांत तो खरा किंवा खोटाही ठरवू नका. कोणी म्हटले, कोणत्या दाव्यात म्हटले, तो दावा कसा संपला आणि त्यापूर्वीचा कागद काय सांगतो, एवढे क्रमाने लिहावे. ते लिखाण भावकीबाहेर देण्यापूर्वी विरुद्ध पक्षाच्या आजच्या पिढीलाही दाखवावे. दाव्यात हजर केलेले अस्सल दस्त निकालानंतर पक्षकारांना परत घेता येत, त्यामुळे आपण शोधत असलेले दत्तकपत्र किंवा जुने वाटणीपत्र आज त्यांच्याच घरच्या पेटीत असू शकते. ते पाहायला मिळाले, तर त्याची छायाप्रत काढून मूळ कागद त्यांच्याकडेच राहू द्यावा आणि आपल्याकडील निकालपत्राची एक प्रत त्यांना द्यावी.